गोवर आणि आजाऱ्याचे ताट

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रसाळपणे सांगणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. माझे आयुष्य तालुक्याच्या गावी लहान मुलांना तपासण्यात गेले. तेव्हा जे रोज पाहिले त्याविषयीच चार शब्द लिहावेत, असे ठरवले. विषय आहे विषाणूजन्य आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आणि रोग्याचा आहार यांचा परस्परसंबंध. विषाणू अनेक आहेत, आणि सगळ्यांविषयी एकाच लेखात सांगू गेल्यास कशाविषयीच नीट सांगून होत नाही. म्हणून एकच आजार घेतो : गोवर. अन्न आणि आजार यांचे नाते गोवराइतके उघडपणे दुसऱ्या आजारात क्वचितच दिसते, आणि त्या नात्याची पहिली ओळख मला याच शाळेत झाली.

मी पाचवीत होतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ साली आली. ही त्याच्या आधीची गोष्ट. हिवाळा सरता सरता वसतिगृहात साथ शिरली. आमच्यापैकी बरीच मुले आडबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून आलेली, लहानपणी गोवराने न गाठलेली. दोन आठवड्यांत अकरा मुलांच्या अंगावर पुरळ उठले. त्यांत मीही होतो. वाचनालयाच्या खोलीत सतरंज्या टाकून आमची वेगळी व्यवस्था केली गेली. वसतिगृहप्रमुख सरांनी तालुक्याहून एका डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी औषध थोडेच दिले. बोलले मात्र स्वयंपाकघरातल्या मावशींशी, आणि बराच वेळ. त्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी खोलीत काही ना काही येऊ लागले. मुगाची आसट खिचडी आणि तिच्यावर तेलाची धार, कुस्करलेले उकडलेले अंडे, पिकलेली पपई, रात्री गूळ घातलेली नाचणीची आंबील. तोंड आले होते, गिळवत नसे. मावशी म्हणत, "दोन घास खा बाळा, मग झोप." दोन घास खाऊन झोपलो की दोन तासांनी पुन्हा उठवीत. आम्हाला त्यांचा फार राग येई.

त्याच महिन्यात गावी माझ्या धाकट्या बहिणीला गोवर निघाला. ती तीन वर्षांची होती. धर्मांतरानंतर आमच्या घरातला देव्हारा गेला होता, मरीआईचे आणि शितलेचे नाव घरात निघत नव्हते. पण त्या देवींबरोबर आलेले पथ्य मात्र घरातच राहून गेले होते. तेल नाही, फोडणीचा वास नाही, डाळ नाही, अंडे-सुकट तर नाहीच. अंधारी खोली, उशाशी कडुलिंबाचा पाला आणि भाताची पेज. पुढे जुलाब सुरू झाले तेव्हा ती पेजही पातळ झाली. पुरळ मावळले, ताप उतरला, आणि एके सकाळी तिचा डावा डोळा उघडेना. उघडला तेव्हा बुबुळावर पांढरट डाग होता. डोळ्यात फूल पडले, असे लोक म्हणतात. त्या डोळ्याने तिला पुन्हा दिसले नाही.

वसतिगृहातली अकराही मुले पंधरवड्यात हिंडूफिरू लागली. ही तुलना शास्त्रीय नव्हे, हे मी आज डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो आणि बहीण तीन वर्षांची. गोवर पाच वर्षांखालच्या मुलांना अधिक छळतो, हे सर्वमान्य आहे. पेजेऐवजी खिचडी दिली असती तर तिचा डोळा खात्रीने वाचला असता, असे एका मुलीवरून कोणी म्हणू शकत नाही. परंतु अशा हजारो मुलांवरून जे म्हणता येते, ते आज निश्चितपणे ठाऊक आहे.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही तो तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहतो. ज्या समाजात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही, तिथे गोवराचा एक रोगी सरासरी बारा ते अठरा जणांना आजार देतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो संसर्ग पसरवीत असतो, म्हणून पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळे ठेवणे आवश्यक असले तरी तेवढ्याने साथ थांबत नाही. हे सगळे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. कमी ऐकलेली गोष्ट ही, की गोवराने दगावणारी मुले बहुधा खुद्द पुरळाने किंवा तापाने दगावत नाहीत. ती दगावतात मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी. गोवर शरीराचे दार उघडून देतो आणि आत शिरतात ते दुसरेच.

हे दार कसे उघडते? आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींत काही पेशी अशा असतात की पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची ओळख त्या जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या त्याला लगेच ओळखतात. गोवराचा विषाणू नेमक्या याच पेशींत शिरतो आणि त्यांचा नाश करतो. १९०८ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञाने पाहिले की, क्षयाची त्वचाचाचणी ज्या मुलांत आधी स्पष्ट उमटत होती, ती गोवर आल्यावर काही काळ उमटेनाशी झाली. शरीर जणू क्षयाच्या जंतूची ओळखच विसरले होते. या निरीक्षणाचा पुरता अर्थ लागायला शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. २०१९ साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांचे गोवराआधीचे आणि गोवरानंतरचे रक्त तपासले होते. इतर आजारांविरुद्ध त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडे होती, त्यांपैकी कोणाची ११ टक्के तर कोणाची ७३ टक्के गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. गोवर बरा झालेले मूल पुढे कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षेही, अधूनमधून आजारी का पडते, याचे उत्तर त्यात आहे. "गोवर होऊन गेल्यापासून पोर खंगले ते खंगलेच," असे आपल्याकडच्या आज्या म्हणत. ते निरीक्षण अचूक होते.

आता अन्नाकडे येऊ. प्रतिकारशक्ती हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कोरोनानंतर तर कसली तरी पूड, काढा किंवा सरबत प्रतिकारशक्ती वाढवते, असे लिहिल्याशिवाय बाजारात काही खपेनासे झाले. प्रत्यक्षात ही एखादी वाढवता-घटवता येणारी वस्तू नव्हे. ते शरीराचे काम आहे, आणि इतर कोणत्याही कामासारखे त्यालाही साहित्य लागते. प्रतिपिंडे ही प्रथिनेच असतात. विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवसांत प्रचंड संख्येने वाढवाव्या लागतात, आणि प्रत्येक नवी पेशी घडवायला प्रथिने, जस्त, लोह आणि जीवनसत्त्वे खर्ची पडतात. त्यात ताप. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की विश्रांतीतला ऊर्जाखर्च साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. बाहेरून अन्न आले नाही तर शरीर आपल्याच स्नायूंतील प्रथिने मोडून हे साहित्य उभे करते. आठवडाभराच्या तापात मुलाच्या दंडांचे आणि मांड्यांचे मांस उतरते ते यामुळे.

आणि नेमक्या याच वेळी भूक मरते. यात विषाणूची चाल नाही. आपल्याच लढणाऱ्या पेशी जी संदेशद्रव्ये सोडतात, ती मेंदूपर्यंत पोचून भूक कमी करतात. दोन-तीन दिवस मूल कमी खाते, तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही आणि मारूनमुटकून भरवण्याचेही नाही. पण चांगल्या अंगाचे मूल हे दिवस आपल्या साठ्यावर काढते, तर मुळात कुपोषित असलेल्या मुलाजवळ साठाच नसतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. लढाऊ पांढऱ्या पेशींची एक महत्त्वाची जात तिथे तयार होते. तीव्र कुपोषणात ही ग्रंथी सुकून लहान होते. अशा मुलाच्या शरीरात गोवर शिरतो तेव्हा सामना सुरू होण्यापूर्वीच अर्धा हरलेला असतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. दर चार मुलांमागे एक रोडावलेले, आणि हा आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचा आकडा आहे.

कुपोषणाने आजार बळावतो आणि आजाराने कुपोषण वाढते, हे चक्र आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवले जाते. ते जगापुढे ठामपणे मांडले नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन या तिघांनी, १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात. त्यांतील टेलर यांचा जन्म मसुरीचा, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग पंजाबातील खेड्यांत झाला. दोन दुखणी एकत्र आली की त्यांचा परिणाम बेरजेइतका न राहता त्याहून मोठा होतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. गोवराबाबत ते शब्दशः खरे आहे.

आता बहिणीच्या डोळ्याविषयी. अ जीवनसत्त्व हे शरीराच्या आतल्या ओलसर अस्तराचे रक्षक आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा, नाक, श्वासनलिका, आतडे या सर्वांचे अस्तर ओले आणि अखंड राहण्यासाठी ते लागते. शरीरातील या जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा यकृतात असतो, आणि तिथून ते रक्तात नेण्यासाठी एका खास प्रथिनाची गरज असते. प्रथिनांची टंचाई पडली की हे वाहक प्रथिनही कमी तयार होते. मग कोठारात धान्य आहे पण ते वाहून न्यायला बैलगाडी नाही, अशी अवस्था होते. गोवरात त्यात आणखी भर पडते. तापाच्या दिवसांत वाहक प्रथिन घटते, जीवनसत्त्व लघवीतून वाया जाते, जुलाबांमुळे आतड्यातून शोषले जात नाही. शिवाय विषाणू स्वतःच डोळ्याच्या आणि श्वासमार्गाच्या अस्तरावर हल्ला करतो आणि ते दुरुस्त करायला आणखी जीवनसत्त्व लागते. आधीच काठावर असलेल्या मुलात चार-पाच दिवसांत साठा संपतो. डोळ्याचा पडदा कोरडा पडतो, मऊ होतो, त्यावर जखम होते, आणि ती भरताना पांढरे फूल पडते. हे सगळे एवढ्या झपाट्याने घडते की रातांधळेपणाची पूर्वसूचनाही कित्येकदा मिळत नाही. तेल वर्ज्य केल्याने तर उरलीसुरली वाटही बंद होते. कारण पालेभाज्या आणि पिवळ्या फळांतले अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही.

हे ज्ञान आले कसे, ही कथाही सांगण्यासारखी आहे, कारण ती ज्ञान हाती येऊन पुन्हा विसरले जाण्याची कथा आहे. १९३२ साली लंडनच्या ग्रोव्ह रुग्णालयात जोसेफ एलिसन नावाच्या डॉक्टरने गोवर झालेल्या पाच वर्षांखालच्या ६०० मुलांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्या मुलांना नेहमीच्या उपचारांबरोबर अ जीवनसत्त्वयुक्त औषध दिले, निम्म्यांना दिले नाही. न दिलेल्या तीनशेंपैकी २६ मुले दगावली. दिलेल्या तीनशेंपैकी ११. निष्कर्ष इंग्लंडच्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण लवकरच सल्फा औषधे आली, मग पेनिसिलिन आले, श्रीमंत देशांतल्या मुलांचे खाणेपिणे सुधारले, आणि एलिसनचा प्रयोग ग्रंथालयांतल्या कपाटांत पडून राहिला. ज्या देशांतल्या मुलांना त्याची सर्वाधिक गरज होती, तिथवर तो पोचलाच नाही.

पुढे पन्नास वर्षांनी आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकन नेत्रतज्ज्ञ इंडोनेशियातील मुलांचे डोळे तपासत होते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांची सौम्य लक्षणे दिसणारी मुले इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावतात, हे त्यांच्या आकडेवारीत दिसले. डोळ्यांच्या डॉक्टरने मृत्यूविषयी बोलावे, हे पुष्कळांना रुचले नाही आणि सुरुवातीला अनेकांनी विश्वासही ठेवला नाही. मग गोवराच्या रोग्यांवर थेट प्रयोग झाले. १९८७ साली टांझानियातील अभ्यासात जीवनसत्त्व दिलेल्या ८८ मुलांपैकी ६ आणि न दिलेल्या ९२ पैकी १२ मुले दगावली. १९९० साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे ग्रेगरी हसी आणि मॅक्स क्लाइन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, गोवराने गंभीर आजारी असलेल्या १८९ मुलांवर अभ्यास केला. दिखाऊ औषध मिळालेल्या ९७ पैकी १० दगावली, जीवनसत्त्व मिळालेल्या ९२ पैकी २. न्यूमोनियातून सावरायला पहिल्या गटाला सरासरी बारा दिवस लागले, दुसऱ्याला सहा. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

तेव्हा आज गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा महिन्यांखालील बाळाला प्रत्येक वेळी ५० हजार आंतरराष्ट्रीय एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, आणि एक वर्षावरील मुलाला दोन लाख. डोळ्यांची लक्षणे असतील तर काही आठवड्यांनी तिसरी मात्रा. हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पालकांनी मात्रा घरी मोजू नये, पण डॉक्टरांना विचारायला संकोचूही नये. खाजगी दवाखान्यात महागडी प्रतिजैविके लिहून दिलेली आणि हे साधे औषध राहून गेलेले, अशा चिठ्ठ्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे भाग आहे. अ जीवनसत्त्व शरीरात साठते, त्यामुळे अधिक झाल्यास ते विषासारखे काम करते. गरोदर स्त्रीने तर मोठी मात्रा कधीच घेऊ नये. २०२५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात गोवराची मोठी साथ आली. लसीऐवजी किंवा परस्पर घरगुती उपाय म्हणून मुलांना हे जीवनसत्त्व पाजले गेले आणि काही मुले यकृतावर परिणाम झालेल्या अवस्थेत रुग्णालयात आली. दुसरी गोष्ट, निरोगी मुलांना सहा-सहा महिन्यांनी दिल्या जाणाऱ्या नियमित मात्रेबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. इंडोनेशियातील आचे प्रांतात अशा मात्रांनी बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे १९८६ साली दिसले होते. पण उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांच्या अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, घट केवळ ४ टक्के आणि तीही निश्चित म्हणता येण्याजोगी नव्हती. आपल्या देशात हा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे आणि माझ्या मते गरीब वस्त्यांत तो चालू राहावा. पण गोवराच्या रोग्याला द्यायच्या मात्रेचा प्रश्न वेगळा आहे. त्याबाबत वाद नाही.

आणि लसीला यातले काहीच पर्याय नाही. उत्तम पोसलेल्या मुलालाही लस नसेल तर गोवर होतोच. चांगल्या आहाराने फक्त त्याची झळ कमी होते. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. साथ रोखायची तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. कोरोनाच्या काळात ही साखळी तुटली आणि २०२२ च्या अखेरीस त्याचे परिणाम मुंबईत दिसले. गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत मुले पटापट आजारी पडली आणि काही दगावली. लस चुकलेली, अंगाने रोडावलेली, आठ-दहा माणसांच्या एका खोलीत राहणारी मुले. घरोघर पाहणी, अ जीवनसत्त्वाच्या मात्रा, लसीची जादा फेरी हे सगळे झाले, पण मागाहून. संपूर्ण जगात २०२३ साली गोवराने अंदाजे १ लाख ७ हजार माणसे दगावली, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. हा आजार टाळता येतो, हे ठाऊक असताना.

आजाऱ्याच्या ताटात काय असावे, याबद्दल विचारणाऱ्या पालकांना मी फार बारीक यादी देत नाही. घरात जे शिजते त्यातलेच द्यावे, मऊ करून, कोमट, तिखट न घालता, थोडे थोडे आणि वारंवार. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध एकदाही तोडू नये. खिचडीत डाळ थोडी अधिक असावी आणि वर तेल किंवा तूप अवश्य घालावे. तेलाने घास मऊ होतो आणि थोड्या अन्नात ऊर्जाही अधिक जाते. अंड्याचा बलक, पपई, पिकलेला आंबा, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची आणि माठाची भाजी. शेवगा आपल्या दारात उभा असतो आणि आपण शेंगा तेवढ्या तोडतो. पाला शेळी खाते. मांसाहार चालत असेल त्या घरात बकऱ्याच्या काळजाचे दोन तुकडे अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत भाजीच्या मोठ्या ढिगाला भारी पडतात. गोवरात तोंडात फोड येतात, म्हणून मूल खात नाही असे दिसले की प्रथम तोंडात पाहावे. जुलाब असतील तर क्षारसंजीवनी पाजावी, आणि सहा महिन्यांवरील मुलाला जस्ताच्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस द्याव्यात. धाप लागणे, छाती आत ओढली जाणे, झोपेतून न उठणे, काहीच न पिणे, डोळा उजेडाला न उघडणे किंवा बुबुळ धूसर दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते पुढचे दिवस. ताप उतरला की घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि मूल पुन्हा दोन वेळच्या जेवणावर येते. वास्तविक आजारात मेलेली भूक याच वेळी दुपटीने परतते आणि खंगलेले स्नायू भरून काढण्याची संधी हीच असते. निदान दोन आठवडे रोजच्या जेवणांखेरीज आणखी एक जेवण द्यावे, असा शिरस्ता आहे. मी तर सांगतो, मूल आजारापूर्वीच्या वजनावर येईपर्यंत द्या. वसतिगृहात मावशींनी आम्हाला बरे झाल्यावरही महिनाभर संध्याकाळी शेंगदाण्याचा एकेक लाडू दिला. इतर मुलांना तो मिळत नसे, त्यावरून भांडणेही झाली.

काही वर्षांपूर्वी आई माझ्या दवाखान्यात येऊन बसली होती. एक तरुण बाई गोवर निघालेले मूल घेऊन आली. तिच्या सासूने तेल बंद केले होते. मी तिला पंधरा मिनिटे समजावले, सासूलाही आत बोलावून समजावले. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. संध्याकाळी घरी जाताना ती एवढेच म्हणाली, "बाळा, मी तर तिला नऊ दिवस पेजच दिली." मी म्हणालो, "आई, तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हतं गं." ते खरे नव्हते. एलिसनचा लेख तेव्हा जवळपास पन्नास वर्षांचा झाला होता, आणि आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तर ते ज्ञान त्याच महिन्यात शिजत होते. ते तिच्यापर्यंत पोचवणारे कोणी नव्हते, हे खरे. मायबापांनी अज्ञानाने मुलांचे हाल केले, असे सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. ज्यांनी पोचवायचे ते पोचले नाहीत, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल, आणि त्यांत आज मीही येतो.

शाळेत आता नव्याने येणाऱ्या मुलांच्या पालकांना एक विनंती करून थांबतो. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्डही आणावे. कार्ड हरवले असेल तर गावच्या आरोग्यसेविकेकडे नोंद पाहावी. तीही नसेल तर लस झालेली नाही असे धरून ती घ्यावी, दुसऱ्यांदा घेतल्याने अपाय होत नाही. सुट्टीवरून परतताना मुलाला ताप, सर्दी आणि लाल डोळे असतील तर चार दिवस घरीच ठेवावे आणि वसतिगृहाला कळवावे. आणि धाकटे भावंड घरी असेल तर त्याचेही कार्ड एकदा काढून पाहावे.